मावशीचा उंट

ही गोष्ट दोन हजार अठरा सालची. थुंकीची नळी टपालाने पाठवायची आणि महिन्या-दीड महिन्याने आपले रक्ताचे नातेवाईक कोण ते कॉम्प्युटरवर वाचायचं, हे तेव्हा नवीनच निघालं होतं. पूर्वी लोक नातेवाईक लपवायला धडपडत, आता शोधायला धडपडू लागले होते. त्या वर्षी पाऊसही फार रेंगाळला. निघतो निघतो म्हणत चपला घालून पुन्हा दारातच गप्पा मारत उभ्या राहणाऱ्या पाहुण्यासारखा.

अशाच एका भिजक्या दुपारी दातांच्या लॅबचं दार ढकलून एक उंच माणूस आत आला. आत येताना त्याने मान वाकवली, तरी वरची घंटा त्याच्या डोक्याला लागलीच.

लॅब म्हणजे एक लांबट खोली. एका बाजूला प्लास्टरचे साचे रांगेने मांडलेले, एका बाजूला घासायचं मशीन, आणि मध्ये दिव्याखाली एक मुलगी कुणाच्या तरी कवळीला चकाकी देत बसलेली. घरात तिला खारू म्हणत. लहानपणी पुढचे दोन दात खारूताईसारखे होते, म्हणून. मोठेपणी दात चेहऱ्याला शोभू लागले, पण त्या दोघांमधली फट राहिली आणि नावही राहिलं.

"दात बनवणाऱ्या बाई इथंच असतात ना?"

"असतात. दात कुणाचे?"

"आईचे." त्याने खिशातून खिळ्यांचा एक डबा काढला आणि तिच्यासमोर उघडला. आत कापसावर दाढांच्या एका अर्ध्या कवळीचे तीन तुकडे होते.

खारूने तुकडे जुळवून पाहिले. "हिला कुणी चावलं?"

"बसली."

"कोण बसलं?"

"आई. स्वतःच्याच दातांवर." तो अगदी गंभीर होता. "उठल्यावर म्हणाली, मेलं कोणीतरी चावलं मला."

खारूला हसू फुटलं. हसताना तिचा हात सवयीने तोंडापुढे गेला.

"हात काढा की," तो म्हणाला. "दातांचा धंदा करणारीनेच दात झाकले तर गिऱ्हाइकाने काय समजायचं?"

"गिऱ्हाइकाने उद्या यायचं, एवढंच समजायचं." पण हात तिने काढला... आणि का काढला याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

"तुम्ही काय करता?" तिने उगाचच विचारलं.

"लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर वर-खाली."

"आणि प्रगती?"

"तीही तशीच. वर-खाली."

उद्या यायचं ठरलं होतं, तो त्याच संध्याकाळी आला. "इथून चाललोच होतो," तो म्हणाला, "म्हटलं, उद्या म्हणजे साधारण किती वाजता, ते विचारून घ्यावं." दुसऱ्या दिवशी कवळी घेऊन गेला. मग ती हिरडीला टोचते म्हणून आला. खारूने घासून दिली. मग पुन्हा आला.

"अजून टोचते?"

"नाही. आई म्हणते, फार सुरेख बसली. मीच म्हटलं, एकदा दाखवून आलेलं बरं."

"दाखवा मग."

"ती... आईच्या तोंडात आहे."

खारू खो खो हसली. मग दोघं कोपऱ्यावर चहा प्यायला गेली. छत्री एकच होती, त्याची. त्याने ती आपल्या उंचीवर धरली, आणि सगळा पाऊस तिरका होऊन तिच्या खांद्यावर.

"तुमच्या मजल्यावर कोरडं असेल," ती म्हणाली, "खाली पूर आलाय."

त्यानंतर तो कोपऱ्यापर्यंत पाठ वाकवून चालला. येणारे-जाणारे बघत होते. त्याला त्याचं काही नव्हतं. चहाच्या दुकानात तो सरळ झाला तेव्हा 'आई गं' म्हणाला, आणि खारूच्या मनात काहीतरी हळूच आपल्या जागी बसलं. घासूनपुसून नेमकी केलेली कवळी बसते ना, तसं. टोचलं नाही, सैल वाटलं नाही.

तो तिला दातवाली म्हणू लागला, ती त्याला लिफ्टवाला. अहो-जाहो कधी गळून पडलं ते दोघांच्या लक्षातही आलं नाही.

आता खारूच्या आईबद्दल सांगायला हवं. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. सारा जन्म तिने लोकांचे फोन एकमेकांना जोडून दिले. तिला स्वतःला मात्र कुणाशी जोडायचं ते माहीत नव्हतं. ती तान्ही असताना एका अनाथालयातून दत्तक आली होती. ज्यांनी वाढवलं त्यांनी फुलासारखं वाढवलं, पण खरं सांगितलं ते फार उशिरा, आई चाळिशीला आल्यावर. तेव्हा आई महिनाभर आरशात बघत नव्हती. पुढे सावरली. साठी उलटली, वाढवणारी दोघंही गेली, आणि एक दिवस भाजी निवडता निवडता ती खारूला म्हणाली, "मला कुणावर हक्क सांगायचा नाही गं. फक्त माझ्यासारखं तोंड असलेलं एक माणूस बघायचंय. एकदाच."

म्हणून खारूने नळ्या मागवल्या. एक आईची, एक स्वतःची. आई त्या नळीत थुंकायला लाजली. पाठ करून उभी राहिली.

आणि निकाल आला. लांबची चुलत-मावस माणसं ढीगभर होती, पण सगळ्यांत वर एकच नाव, नाव कसलं, नुसती दोन आद्याक्षरं. शेजारी लिहिलं होतं: अगदी जवळचं नातं, बहुधा अर्धी बहीण, आईच्या बाजूने. म्हणजे आई एक, वडील वेगळे. खारूच्या आईने त्या बाईंना चार ओळी लिहून पाठवल्या. त्याच दिवशी उत्तर आलं. 'फोनवर रडायला मला आवडत नाही. रविवारी घरी या. समोरासमोर रडू.' खाली पत्ता.

रविवारी मायलेकी गेल्या. आईने साडी बदलली, पुन्हा बदलली, आणि शेवटी पहिलीच नेसली. जिना चढताना तिने खारूचा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतत होती.

बेल वाजली. आतून एक खणखणीत आवाज आला, "उंटा, दार उघड!"

दार उघडलं. दारात लिफ्टवाला.

"दातवाली...?"

"तू? इथं कसा?"

"हे माझं घर आहे. तू कशी?"

पण उत्तर द्यायला सवड कुठे मिळाली! त्याला कोपराने बाजूला सारून एक ठेंगणी, दणकट बाई पुढे आल्या. पोहायच्या तलावावर जन्मभर मुलांना पोहायला शिकवलेल्या. त्यामुळे सगळं जग तलावाच्या दुसऱ्या काठाला आहे असं समजून बोलायच्या. खारूच्या आईला पाहिलं आणि तो आवाज एकदम गेला. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. तेच कपाळ, तीच हनुवटी. मग दोघी एकदम हसल्या, आणि दोघींच्या पुढच्या दातांत तीच फट.

"अगं बाई," त्या कशाबशा म्हणाल्या, "आपण एकाच कारखान्यातल्या गं..."

मग जे रडणं झालं ते झालं. थुंकी त्यांनी का पाठवली होती, तर तलावावरच्या मैत्रिणींशी पैज लागली होती. माझ्या रक्तात कोळी-खलाशी असणार, त्याशिवाय मी अशी पोहते का, म्हणून. खलाशी एकही निघाला नाही. बहीण निघाली.

"आपली आई," त्या खारूच्या आईला सांगत होत्या, "माझ्यासाठी फ्रॉक शिवायची ना, की प्रत्येक वेळी अजून एक शिवायची. जरा मोठ्या मापाचा. मी विचारायची, हा कुणाचा? म्हणायची, लागेल कुणाला तरी. मग तो कुणालातरी देऊन टाकायची. आणि दिला की दिवसभर बोलायची नाही. मला वाटायचं, शिवून शिवून दमते..."

खारूच्या आईने पदर तोंडाला लावला. साठ वर्षांची ती बाई त्या क्षणी फ्रॉकच्या वयाची दिसत होती.

"आणि तू गं?" बाई खारूकडे वळल्या. "अहो मावशी म्हणशील तर फटका देईन. ए मावशी म्हणायचं. आणि हा माझा मुलगा. नाव चांगलं ठेवलं होतं, पण हा असा वाढला, म्हणून उंट. तुझा मावसभाऊ."

मावसभाऊ...

खारूने हातातला कप खाली ठेवला. तिने वर पाहिलं. तो आपल्या आईकडे बघत होता. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं.

त्यानंतरचे रविवार खारूला कसे गेले ते तिलाच ठाऊक. दोघी बहिणींना एकमेकींवाचून करमेना. साठ वर्षांच्या गप्पा साचलेल्या. आणि आईला सोडायला-आणायला खारू, मावशीला सोडायला-आणायला तो. दर रविवारी समोरासमोर. खारूने मनाला लगाम घालायचा एक सोपा उपाय शोधला. ती त्याला दादा म्हणू लागली.

"दादा, साखर दे."

"दादा म्हणू नकोस."

"मग काय म्हणू? मावसभावाला दादाच म्हणतात."

"लिफ्टवाला म्हण. आधी म्हणायचीस तसं."

"आधी आपण नात्यात नव्हतो."

तो साखरेचा डबा हातात धरून उभाच राहिला. "खारू, एक सांगू...?" आतून मावशीचं हसणं ऐकू आलं. तिकडे नजर गेली आणि त्याचा चेहरा मिटला. "काही नाही. साखर घे."

तिला त्याचा राग यायचा. आपण रात्र रात्र उशीत तोंड खुपसायचं, आणि याला काहीच वाटू नये? उलट याचं बघणं तसंच, छत्री धरून वाकणं तसंच. गेटपाशी निरोप घेताना तिच्या खांद्यावरचा प्लास्टरचा कण बोटाने उडवायचा, आणि बोट क्षणभर... क्षणभरच जास्त रेंगाळायचं. लाज कशी वाटत नाही याला, ती म्हणायची. आणि तो कण दुसऱ्या दिवशी मुद्दाम झटकायची नाही.

आईच्या वडिलांचा शोध अजून बाकी होता. यादीतली लांबची माणसं कुणाच्या बाजूची ते कळायला जितक्या नळ्या जास्त तितकं बरं. म्हणून खारू त्याला म्हणाली, "तूही दे ना. मावशीकडून आलेलं काय ते वेगळं काढता येईल."

"नको," तो चटकन म्हणाला. इतका चटकन की तिने पुन्हा विचारलं नाही.

आणि मग पंधरा दिवसांनी तो आपण होऊन लॅबमध्ये आला. त्या दिवशी तो हसला नाही. "नळी दे," म्हणाला. मशीनच्या मागे जाऊन थुंकला, झाकण लावलं, तिच्या हातात दिली. "निकाल तू आधी बघ. मी नाही बघणार. बघितल्यावर तुला जे वाटेल ते... म्हणजे काही वाटलं तर... मला सांग."

"एवढं काय त्यात?"

"आहे," तो म्हणाला. जाताना घंटा पुन्हा त्याच्या डोक्याला लागली, पण त्याला ते कळलंही नाही.

निकाल आला तेव्हा खारू लॅबमध्ये एकटी होती. एका हाताला गुलाबी मेण लागलेलं, दुसऱ्या हाताने तिने पान उघडलं. आईशी नातं नाही. खारूशी नाही. तिने मावशीची ओळ शोधली. मुलगा म्हणून ती सगळ्यात वर हवी होती.

नव्हती. वर नव्हती, खालीही नव्हती. त्याच्या रक्तात मावशीचा मागमूस नव्हता.

पहिल्या क्षणी खारूला काय झालं असेल? आनंद झाला. वेड्यासारखा, छातीत न मावणारा आनंद. हा माझा कुणी नाही! ती खुर्चीतून उठलीसुद्धा. आणि तशीच पुन्हा खाली बसली. हा आपला कुणी नाही, म्हणजे हा मावशीचाही कुणी नाही. आणि बिचाऱ्याला ठाऊक नाही. मावशीने लपवलंय. दत्तक असेल, दवाखान्यात अदलाबदल झाली असेल, काहीही असेल. 'उंटा' अशी हाक आली की तिशी उलटलेला हा माणूस हातातलं काम टाकून धावतो, त्याला आपण सांगायचं की ती तुझी आई नाही?

आणि का सांगायचं? तर आपल्याला तो हवाय म्हणून.

महिनाभर आरशात न बघणारी आई तिला आठवली. मेणाच्याच हाताने तिने पान मिटलं. मेणाचे गुलाबी ठसे माऊसवर तसेच राहिले.

रविवारी त्याने गेटपाशी विचारलं, "आला निकाल?"

"नाही अजून," खारू चपलेकडे बघत म्हणाली. "उशीर होतोय म्हणे."

तो म्हणाला, "बरं." एवढंच. निकाल आला की त्यालाही मेल जातो, आणि तो त्याला पाच दिवसांपूर्वीच आलाय, हे खारूच्या ध्यानीमनीही नव्हतं.

पुढच्या रविवारी मावशीला सोडायला तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग मावशीनेच बातमी आणली. दुसऱ्या शहरात मोठा दवाखाना उभा राहतोय, तिथे लिफ्ट बसवायचं दोन वर्षांचं काम याने मागून घेतलं. "मागून घेतलं गं! इथं काय कमी होतं? विचारलं तर म्हणतो, इथलं वर-खाली पुरे झालं. सोमवारी चाललाय."

खारू त्या दिवशी एका कवळीला खालचे दात वर लावून बसली. असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं. संध्याकाळी आईने तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि म्हणाली, "बोल."

"काही नाही गं."

"चौतीस वर्षं लोकांचं 'काही नाही' ऐकलंय मी. बोल."

खारू बोलली. सगळं बोलली. तो कसा आवडतो तेही, दादा का म्हणते तेही, निकालही. सांगता सांगता नाक लाल झालं. "आता तूच सांग, माझ्या सुखासाठी मी त्याची आई काढून घेऊ?"

आई पेल्याच्या कडेवरून बोट फिरवत होती. "मला उशिरा कळलं म्हणून मी रडले, खारू. कळलं म्हणून नाही. पण हा फोन तुझा नाही. तू मध्येच उचलू नकोस. ज्याच्याकडून जायचाय, त्याला जोडून दे."

"म्हणजे?"

"म्हणजे मावशीकडे जा."

तलावावर संध्याकाळची शेवटची तुकडी संपत आली होती. निळ्या पाण्यावर दिव्यांच्या कांबी हलत होत्या, क्लोरीनचा वास. मावशी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून एका जाड्या गृहस्थांवर ओरडत होती, "पाय मारा हो, पाय! पाण्याला घाबरता आणि बायकोला नाही, असं कसं?" खारूला पाहून ती काठाला आली आणि कोपरं टेकून म्हणाली, "काय गं, तोंड असं का? कुणी मेलं का?"

"मावशी... तुला एक विचारायचंय. रागावणार नाहीस ना?"

"आधी विचार, मग ठरवते."

"तुझा उंट..." खारू काठावर उकिडवी बसली. "त्याने नळी दिली होती. माझ्याकडे निकाल आलाय. मी त्याला सांगितलेलं नाही, कुणाला सांगणारही नाही, शपथ. पण मावशी, त्याला कधीतरी कळेल. तेव्हा तुझ्याकडून कळू दे गं. दुसऱ्याकडून कळलं तर तो मोडून जाईल..."

मावशी तिच्याकडे टक लावून बघत राहिली. "काय कळेल?"

"की तो... तुझा... तुझ्या पोटचा नाही."

मावशीने एकदा डोळे मिटले, उघडले, आणि असं काही हसली की ते जाडे गृहस्थ नाकातोंडात पाणी जाऊन ठसकले.

"अगं माझे बाई! दोन वर्षांचा होता तो, मी लग्न करून घरात आले तेव्हा! त्याची आई त्याच्या जन्माच्या वेळीच गेली. फोटो लावलाय की तिचा भिंतीवर, तू बघितला नाहीस? त्याला ठाऊक आहे, शेजाऱ्यांना ठाऊक आहे, गल्लीतल्या मांजरांना ठाऊक आहे!"

"मग... मग कुणी बोललं का नाही?"

मावशीचं हसू हळूहळू ओसरलं. ती पाण्यातून वर आली, टॉवेल गुंडाळून खारूशेजारी ओल्या फरशीवर बसली.

"त्यानेच घातलाय तो नियम. आठ वर्षांचा असेल. शाळेत कुणीतरी त्याला म्हणालं, तुझी आई सावत्र आहे. याने त्या मुलाला बदडलं, स्वतः ओठ फोडून घेतला आणि रडत घरी आला. म्हणाला, आपल्या घरात हा शब्द कुणी बोलायचा नाही. त्याचे बाबाही हो म्हणाले, मीही हो म्हणाले. बाबा गेले, पण शब्द कुणी बोललं नाही बघ. पुढे पुढे मीच विसरले. खरंच सांगते. तुला मावसभाऊ म्हणाले ना, तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही." ती थांबली. ओल्या केसांतून पाणी गालावर येत होतं. "पण तू एवढं का विचारतेस? मावसभाऊ असला काय, नसला काय..."

खारूने मान खाली घातली. कान लाल झाले होते.

मावशीने तिच्याकडे पाहिलं. मग पाण्याकडे. मग पुन्हा तिच्याकडे.

"अरे देवा," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात. "म्हणजे या गाढवाने एका शब्दावाचून... तो शब्द बोलला असता तर तू मिळत होतीस. आणि बोलला नाही. माझ्यासाठी." तिने टॉवेलच्या टोकाने डोळे पुसले, तेवढ्यात ताडकन उठली. "फोन कुठे आहे माझा? पिशवीत बघ!"

फोन लागला. मावशीने खाकरून घसा साफ केला आणि सगळ्या तलावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"हॅलो, उंटा? मी तुझी सावत्र आई बोलतेय."

पलीकडून घाबरलेला आवाज, "आई? काय झालं? बरी आहेस ना?"

"बरी आहे. हे एकदा मोठ्याने बोलायचं राहिलं होतं, ते बोलले. बघ, काही पडलं नाही, झडलं नाही. मी जिवंत आहे, तू माझाच आहेस. आता ऐक. इथे एक मुलगी बसलीय. तिला वाटत होतं, तुला हे ठाऊक नाही. तुला कळू नये म्हणून ती तोंड शिवून बसली होती. आणि तुला काय वाटलं?"

"मला वाटलं..." तो अडखळला. "मला वाटलं, तिने वाचलं... आणि तरी तिला नको आहे."

"गाढवा," मावशी म्हणाली. "तलावावर ये."

तो आला तेव्हा मावशीने सगळ्यांना बाहेर काढलं होतं, आणि स्वतः कपडे बदलायच्या खोलीत गेली होती. दार मात्र पुरतं लावलेलं नव्हतं. खारू काठावर पाय पाण्यात सोडून बसली होती. तो बूट काढून शेजारी बसला. त्याचे पाय तिच्याहून बरेच खोल गेले.

"तू खोटं बोललीस. निकाल आला नाही म्हणून."

"तूही बोलला नाहीस. खरं."

"मला ते तोंडाने बोलता येत नव्हतं, खारू. म्हणून नळीत दिलं. वाटलं, वाचशील आणि धावत येशील."

"मी धावतच होते," ती म्हणाली. "मग वाटलं, माझ्या धावण्याने तुझी आई जाईल. म्हणून थांबले."

पाण्यात दोघांच्या पायांच्या सावल्या वेड्यावाकड्या हलत होत्या. तो तिच्याकडे वळला. "कुणी माझ्या आईला इतकं जपेल," तो म्हणाला, "असं माझ्या स्वप्नातही नव्हतं."

"सोमवारी जाणार आहेस?"

"जावं लागेल. काम घेतलंय."

"दोन वर्षं?"

"शनिवारी-रविवारी येईन. प्रत्येक." मग अगदी हळू, "येऊ ना? म्हणजे... कोण म्हणून येऊ?"

खारूने आपला ओला पाय त्याच्या पायावर ठेवला, आणि हसली. हात तोंडापुढे न नेता, सगळी फट दाखवत. कपडे बदलायच्या खोलीतून कुणीतरी मोठ्याने नाक शिंकरलं.

मधले टाळेबंदीचे महिने सोडले, तर तो खरंच प्रत्येक शनिवारी आला. काम संपल्यावर दोघांनी साधेपणाने, सह्या करून लग्न केलं. साक्षीदार म्हणून दोन्ही बहिणींनी सही केली, आणि आधी कुणी करायची यावरून तिथेच भांडल्या. आईच्या वडिलांचा शोध पुढे लागला नाही. धागे लांब लांब जाऊन विरून गेले. आईलाही मग त्याची ओढ उरली नाही. तिला हवं होतं ते तोंड मिळालं होतं, आणि ते रोज सकाळी तिच्या दारात येऊन 'अजून चहा नाही?' म्हणून ओरडत होतं. बासष्टाव्या वर्षी मावशीने तिला पोहायला शिकवलं. ते जाडे गृहस्थही अखेर तलावाची लांबी पोहून गेले, म्हणतात. दातांची लॅब आता खारूच्या मालकीची आहे. दाराची घंटा तिने हातभर वर टांगून घेतली.

मुलगी झाली दोन हजार बावीसच्या अखेरीला. खारू दवाखान्यात बाळ घेऊन पडली होती. मावशी आली, बाळाला दोन्ही हातांत घेऊन खिडकीशी उजेडात उभी राहिली. खारूच्या मनात एक गोष्ट कितीतरी महिने घोळत होती, ती तिने आता सांगितली. "मावशी, एक लक्षात आलं का तुझ्या? ही माझ्याकडून तुझ्याही रक्ताची आहे. तुझ्यात आणि उंटात नव्हतं ना काही... आता हिच्यात तुम्ही दोघं एकत्र आलात."

मावशीने जरा विचार केला. बाळाने जांभई दिली, तिकडे बघत राहिली.

"असेल बाई," ती म्हणाली. "तुझं शास्त्र म्हणतं तर असेल. पण मला त्याचं काय! ही माझ्या मुलाची मुलगी आहे." मग दाराकडे वळून, सगळा दवाखाना जागा होईल अशी हाक मारली, "उंटा, आत ये! बाहेर काय उभा आहेस परक्यासारखा?"